वर्नाच्या वहीतला आल्डन

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात वर्ना पेल्कीने तेहतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर चित्रं काढायला कोळशाची कांडी हातात घेतली. चित्रवही घेताना ती दुकानातच पानावर नख ओढून बघते. "गुळगुळीत कागद आणि गुळगुळीत माणूस, दोघांवर काही टिकत नाही," म्हणते.

तिचा नवरा आल्डन चांगलाच खरबरीत होता. लॉब्स्टर पकडायचा, आणि कुणी कॅमेरा काढला की हटकून तोंड वाकडं करायचा. मार्चमध्ये तो गेला तेव्हा घरात त्याचा एक धड फोटो नव्हता. होतं ते फक्त वर्नाने डिसेंबरात काढलेलं कोळशाचं चित्र.

ते मी घालवलं.

वाचनालयाच्या प्रदर्शनात नेताना पुसलं जाऊ नये म्हणून त्यावर फवारा मारायचा होता. आमच्या चित्रवर्गातल्या सगळ्याजणी त्यासाठी केसांचा स्वस्त स्प्रे वापरतात. वर्ना कॉफी करत होती. म्हटलं, तेवढाच हातभार. चित्रावरचं कोरं पान उलटून वहीच्या मागे टाकलं, वही पावाच्या डब्याला टेकवली आणि वीतभरावरून फस्सकन मारलं. आल्डनचा चेहरा काळ्या ओघळांनी खाली उतरला.

"एडिथ! अगं चित्र आहे ते, तुझा अंबाडा नव्हे!"

एवढंच बोलली ती. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं मला वाटलं.

तिने वही उचलली, मिटायला म्हणून मागचं पान पुढे घेतलं आणि थबकली. सगळा हिवाळा ती वही शिवणयंत्राखाली दबून पडली होती. चित्रावर दाबल्या गेलेल्या त्या पानाच्या पाठीवर आल्डन उमटला होता. जरा फिका, पण अख्खा. डाव्या भुवईवरचा व्रण तेवढा उजवीकडे गेला होता.

"उलटा आलाय गं," मी रडतच म्हणाले.

"उलटा कसला? बाथरूममध्ये आरसा एकच. तो पुढे दाढी करायचा, मी मागे उभी राहून केस विंचरायचे. एक्केचाळीस वर्षं रोज सकाळी मी ह्यालाच बघितलंय."

मी तिथेच खुर्चीत बसले आणि पोटभर रडून घेतलं.

"झालं?" वर्नाने डोळे पुसले. "आता तो स्प्रे इकडे दे, आणि तू जाऊन कॉफी ओत."

मी स्प्रे तिच्या हातात दिला आणि कॉफी ओतायला गेले.