दारातलं मशीन

परळच्या चाळीत आमची एकच खोली होती आणि तिला एकच दार. शिलाईचं मशीन मी त्या दारातच आडवं लावलं होतं. बाहेर गॅलरीच्या कठड्याचे दोन गज निघालेले आणि घरात तीन मुलं: चार वर्षांचा, अडीच वर्षांची आणि दहा महिन्यांचा. मशीनमुळे मुलं आत राहायची. मीही.

दादरच्या एका दुकानाचे ब्लाउज मी शिवत असे. कापलेल्या कापडांचं गाठोडं आणायचं, ठरल्या दिवशी शिवून पोचवायचं. एकदा उशीर झाला होता. "पुन्हा झाला तर दुसरी बाई बघेन," असं मालकांनी तेव्हाच सांगितलं होतं.

संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ झाला, त्या दिवशी माझ्यापुढे बारा ब्लाउज होते. दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचे. हे पहाटेच मोर्चाच्या तयारीला गेले. चाळीतल्या बायकाही निघाल्या. शेजारच्या मालवणी काकींनी नातू मशीनवरून माझ्या हातात दिला.

"काकी, मी पण येईन म्हणत होते."

"तू खंय जातलंस? घराकच आसस मां!"

त्यांचं बघून आणखी दोघींनी आपापली पोरं आत सोडली. घरात बसून काम करणाऱ्या बाईला काम नसतं, हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. दहा वाजेपर्यंत खोलीत सात मुलं झाली.

त्यांनीही मोर्चा काढला. थोरल्याच्या हातात लाटणं, मागे बाकीचे, "झालाच पाहिजे!" धाकटा माझ्या मांडीवर, मी पायडल मारतेय. दुपारी खरा मोर्चा खालच्या रस्त्याने गेला. मला दिसल्या त्या कठड्याला टेकलेल्या म्हाताऱ्यांच्या पाठी. उठून बघायचं तर मशीन सरकवायला हवं, आणि ते सरकलं की सातही जण कठड्याशी. मी आवाज ऐकत शिवत राहिले आणि एका ब्लाउजला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. उसवून पुन्हा शिवला.

संध्याकाळी काकी घसा बसवून आल्या. "काय ती माणसां गो! तू येवक व्हया होतंस!"

"घ्या तुमचा नातू. दोनदा शू झाली, एकदा भाषण."

सकाळी मुलांना यांच्यावर सोपवून मी बारा ब्लाउज दुकानात नेले. मालक फळ्या उघडत होते. गाठोडं बघून हसायलाच लागले.

"काल काम केलंत? अहो, सगळी मुंबई बंद होती. आज कुणी काही आणणार नाही, हे मी धरूनच चाललो होतो."

"मला सांगितलं नाहीत."

"हरताळाच्या दिवशी काम करायचं नसतं, हे काय सांगायचं?"

मी ब्लाउज मोजून दिले, नवं गाठोडं घेतलं आणि घरी आले. हे धाकट्याला कडेवर घेऊन मशीनच्या पलीकडे उभे होते. त्यांनी ते सरकवलं, मी आत गेले, आणि आतून पुन्हा दाराशी लावलं.