ईशान्येची पेटी

विघ्नहर्त्या गजाननाला आणि जिच्या कृपेने या जिभेवर चार शुद्ध शब्द उमटले त्या वाग्देवीला नमन करून हे लिहितो. रनाळ्यातील माझ्या यजमानांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आज वर्ष पूर्ण झाले. त्या घरात माझ्या हातून जे घडले ते माझ्या हयातीतच कागदावर यावे, एवढाच हेतू.

या कुटुंबाचे पौरोहित्य मी तीन पिढ्या सांभाळले. पायाभरणीच्या वेळी दोरी धरून दिशा मी लावल्या, तेव्हा सारे घर माझ्या मागे अनवाणी फिरले. पुढे भिंती उभ्या राहिल्या आणि चिंचपाड्याकडची, तिशीतली एक तंत्रज्ञ आली. आवाज दिला की उघडणारे पडदे, छतात दडवलेले स्पीकर, वरच्या मजल्यावर सिनेमाची खोली, या साऱ्याची आखणी तिच्याकडे होती. हातातल्या यंत्रातून ती भिंतीवर लाल ठिपका टाकी आणि अंतर सांगे. आता घर तिच्या मागे फिरू लागले. चहा आधी तिला गेला. माझा कप नंतर आला, त्यावर साय धरली होती. इतकी क्षुल्लक गोष्ट मला अजून आठवते, यावरून माझ्या मनाची अवस्था वाचकांनी ओळखावी.

साऱ्या तारा जिथे एकत्र येतात त्या पेटीची जागा तिने देवघरालगतच्या कोनाड्यात धरली.

"इथे ऊन येत नाही. पेटी थंड राहील," ती म्हणाली.

"ही ईशान्य. इथे यंत्र बसणार नाही. शास्त्राला मान्य नाही," मी म्हणालो.

यजमानांनी लगेच हात जोडले. "गुरुजी, तुम्ही सांगशात तसंच करसूत."

ईशान्येस जड वस्तू नको, एवढे मी शिकलो आहे. परंतु वीतभर उंचीच्या पेटीला जड ठरवणे ही माझी ओढाताण होती आणि ती मला त्याच क्षणी कळत होती. पेटी जिन्याखाली गेली. नवे प्लास्टर फुटले. ती एवढेच म्हणाली, "एक वायर मात्र आता जाणार नाही. वाटेत फरशी बसली आहे." यजमानांनी शास्त्रापुढे तीही सोडून दिली. कोणती वायर, हे मी विचारले नाही. तिचा बेत मोडला, याचेच मला गोड वाटले.

वास्तुशांतीला मी आवाज राखून न ठेवता मंत्र म्हटले. यजमानांच्या आई अंथरुणाला खिळलेल्या. होमाचा धूर बाधू नये म्हणून त्यांच्या खोलीचे दार लावले होते. पूर्णाहुतीनंतर मी प्रसाद घेऊन आत गेलो. आजींनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "गुरुजी, मंत्र कव्हय सुरू करशात? मी सकायपाईन वाट देखस."

माझा एक शब्दही त्यांच्या कानी पोहोचला नव्हता. मी बाहेर आलो. तंत्रज्ञ बाई जिन्यापाशी होत्या. त्यांना विचारले, "ती राहिलेली वायर कुठली होती?"

"आजींच्या खोलीची. देवघरात माईक, त्यांच्या उशाशी स्पीकर. यजमानांनी पहिल्यांदा तेच मागितलं होतं, गुरुजी. सिनेमा नंतर सुचला."

म्हणजे त्या वायरीतून माझाच आवाज जायचा होता.

मी सोवळ्यातच यजमानांपुढे जाऊन उभा राहिलो. "शास्त्राने नको म्हटले नव्हते. मी म्हटले. मला या बाईंचा मत्सर वाटला."

त्यांनी तोंडातली सुपारी गालात सारली. मग म्हणाले, "मंग ती भित आते कोन फोडी? तुम्ही?"

"द्या छिन्नी."

तंत्रज्ञ बाई हसू दाबत म्हणाल्या, "मुहूर्त कोणता, गुरुजी?"

"हाच."

पहिला घाव मी घातला. तो वाकडा पडला आणि चुन्याची धूळ सोवळ्यावर उडाली. उरलेले काम त्यांच्या माणसांनी दोन दिवसांत उरकले, आणि पेटी ईशान्येस आली.

आता एकादशीला मी देवघरात बसतो आणि आपल्या खोलीत आजी पडल्या पडल्या ऐकतात. मी नसतो त्या सकाळी पेटी माझाच ध्वनिमुद्रित केलेला पाठ लावते. परवा आजी म्हणाल्या, "पेटीमधला गुरुजी चांगला शे. तो खोकलत नही." सारे हसले. मीही हसलो. पण खरे सांगतो, घरी परतताना वाटभर मला त्या पेटीतल्या गुरुजींचा हेवा वाटत होता. त्यांना दम लागत नाही, आणि ते रोज पहाटे आजींच्या उशाशी असतात. निदान या वेळी मी त्यांना ईशान्येतून उठवा असे म्हणालो नाही.

वाचकहो, तुमच्या घरात बोललेला प्रत्येक चांगला शब्द ज्याच्यासाठी आहे त्याच्या कानी पोहोचो. तुमच्या वृद्धांच्या उशाशी आपल्या माणसाचा आवाज असो. तुमच्या वास्तूला सौख्य लाभो, आणि तिथे येणाऱ्या कोणाही पाहुण्याच्या कपावर साय न धरो.