घेवडाबाईंच्या बागेत आर्टिचोक

घरी, गल्लीत आणि किराणा दुकानात त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत, कारण नवरा टेलर मास्तर. हे नाव लग्नाबरोबर फुकट मिळालेलं. घाम गाळून कमावलेलं नाव वेगळं होतं. पाण्याच्या टाकीमागे नगरपालिकेने हौशी लोकांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे दिले होते. तिथे बाईंचा घेवडा असा काही वर चढायचा, की शेजारच्या तुकड्यातले निवृत्त बसड्रायव्हर म्हणायचे, "बाई, याला ब्रेक लावा, नाहीतर टाकीत शिरेल!" तेव्हापासून तिथे त्या घेवडाबाई.

दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. त्यामुळे दिवसभर मशीनची खडखड, गिऱ्हाइकांची ये-जा, आणि मास्तरांचं "अगं, चहा टाक", "अगं, त्या निळ्या कोटाचं बटण बघितलंस का?" उन्हं कलली की बाई खुरपं उचलून निघायच्या. बागेत त्यांना "अगं" म्हणणारं कुणी नव्हतं. माती काही विचारायची नाही आणि घेवडा उलट उत्तर द्यायचा नाही. बाईंना याहून जास्त सुख ठाऊक नव्हतं आणि नकोही होतं.

मग मास्तरांची नजर मंदावली. सुईत दोरा ओवेना, तशी त्यांनी मशीनवर चादर टाकली. पहिला आठवडा त्यांनी झोपून काढला. दुसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघरातल्या डब्यांची जागा बदलली, आणि मीठ शोधताना बाईंच्या नाकी नऊ आले. तिसऱ्या आठवड्यात ते चपला घालून दारात उभे.

"मीही येतो बागेत. दोघं मिळून करू!"

बाईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण मास्तरांचा चेहरा नव्या दप्तराच्या पोरासारखा फुललेला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो इतका आनंदाने येत असेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

पण बाईही काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. खताच्या ढिगाशेजारचा, उरलासुरला एक वाफा त्यांनी दाखवला.

"हा तुमचा. पुढच्या वर्षीचा उन्हाळा संपायच्या आत यातून मला काहीतरी खायला घाला. नाही जमलं तर वाफा माझा, आणि तुम्ही आपलं घरी पेपर वाचत बसायचं."

"कबूल!" मास्तर म्हणाले. महिनाभराचं नाटक आहे, बाई मनात म्हणाल्या.

रोपं आणायला दोघं नर्सरीत गेले, तर मास्तर एका चित्रापुढे खिळून उभे. मुठीएवढी हिरवी कळी, आणि तिच्यावर एकावर एक बसलेल्या जाड खवल्यांची रांग. "काय फिटिंग आहे बघ! कुठे शिवण दिसतेय का?" ती होती आर्टिचोकची कळी. दोघांपैकी कुणी ती कधी चाखलीही नव्हती. नर्सरीवाल्याने सांगितलं, उमलायच्या आत कळी कापायची, उकडायची आणि खायची. मास्तर रोपं निवडायला वाकले तेव्हा तो बाईंना म्हणाला, "दोन रोपांत चांगलं दोन हात अंतर ठेवा हं. फार पसरतं हे. आणि पहिल्या वर्षी कळीची आशा धरू नका." बाईंनी मान डोलावली.

आता मास्तरांची ख्याती अशी, की दुसरा शिंपी ज्या कापडात नुसता सदरा बेतेल, त्यातच ते सदरा बेतून पोराची चड्डीही काढायचे. बाहीच्या खाचेत कॉलर बसव, कॉलरच्या कडेला खिसा बसव. चिंधी म्हणून उरायची नाही. वाफाही त्यांनी तसाच बेतला. खडूऐवजी काडीने रेघा मारल्या आणि जिथे तीन रोपं सुखाने राहिली असती तिथे नऊ बसवली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बघ, बोटभर जमीन वाया गेली नाही!"

"छान," बाई म्हणाल्या, आणि मूग गिळून गप्प बसल्या.

त्या उन्हाळाभर रोपं वाढली आणि एकमेकांच्या उरावर बसली. रुपेरी, काटेरी पानं शेजाऱ्याला ढुसण्या देऊ लागली. आतली पानं पिवळी पडून सडली, देठांना काळा मावा लागला. मास्तर रोज साबणाचं पाणी घेऊन, डोळे पानाला लावून दाढीच्या जुन्या ब्रशने एकेक देठ पुसत. ड्रायव्हर कुंपणावरून विचारत, "मास्तर, दाढी करताय की कटिंगही?" मास्तर हसत, पण पुढे पुढे ते हसणं कमी झालं.

एका संध्याकाळी त्यांनी ब्रश धुऊन खिशात ठेवला. "माझ्या हाताला झाडं लागत नाहीत गं. कापडाची गोष्ट वेगळी होती. उद्यापासून नाही येत मी. वाफा तुझा."

बाईंना हवं होतं ते अगदी हेच. त्यांनी खूश व्हायचा प्रयत्न केला, पण जमेना. गिऱ्हाइकाने परत आणलेला कोट हातात घेऊन बसावं, तसे मास्तर बादलीवर बसले होते, आणि बाईंना स्वतःचीच लाज वाटली.

"अहो, दाटी झालीय. दर तिनांतली दोन काढा, म्हणजे उरलेली जोर धरतील."

मास्तरांनी वर बघितलं. "हे तुला कधीपासून माहीत?"

"नर्सरीतच कळलं होतं."

"म्हणजे मला नापास करायला बसली होतीस?"

"हो."

"का गं?"

बाईंनी फावडं त्यांच्या हातात दिलं. "आधी खणा. अंधार पडेल."

मास्तरांनी खणलं खरं, पण काढलेलं रोप टाकायला हात होईना. चिंधी न टाकणारा माणूस तो! त्यांनी सहाही रोपं मुळाच्या मातीसकट गोणपाटात गुंडाळली आणि तुकड्यातुकड्यांवर जाऊन वाटली. ड्रायव्हरना दोन मिळाली. "दाढी तुम्हीच करायला यायचं," या बोलीवर त्यांनी घेतली.

थंडीत बाईंनी उरलेल्या तिघांच्या मुळाशी पेंढा घातला. सांगितलं मात्र कुणाला नाही. वसंतात झाडं कमरेइतकी झाली, आणि एक दिवस मधल्या दांड्यावर सुपारीएवढं काहीतरी दिसलं. त्या दिवशी मास्तरांनी वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला थांबवून बातमी दिली. पोस्टमन तर दोनदा सापडला.

सुपारीचं लिंबू झालं, लिंबाची मूठ झाली. मास्तर म्हणायचे, "अजून दोन दिवस. थोडी भरू दे." ड्रायव्हर म्हणायचे, "पिकल्याशिवाय कसं काढता?" उन्हाळा कडेला आला. खवल्यांची टोकं सुटायला लागलेली बाईंनी बघितली. आणखी दोन दिवस गेले असते तर जांभळं फूल झालं असतं, म्हणजे खायला काही नाही आणि वाफा बाईंचा.

बाईंनी कात्री मास्तरांच्या हातात ठेवली. "अहो, आयुष्यभर न घाबरता लोकांची महागडी कापडं कापलीत. कापा!"

कच्च आवाज झाला. कळी मास्तरांच्या ओंजळीत पडली.

बागेतल्या अवजारांच्या खोलीत स्टोव्हवर ती मिठाच्या पाण्यात उकडली. सावलीत दोन पालथ्या खोक्यांवर बसून, मध्ये लसूण घातलेल्या वितळल्या लोण्याची वाटी ठेवून, दोघं एकेक खवला उपटून दातांनी खरवडू लागले. एका खवल्याला नखाएवढा गर.

"डोंगर पोखरून उंदीर!" बाई म्हणाल्या. पण हात काही थांबत नव्हता.

मग आतली लव निघाली. ती चमच्याने खरवडून टाकली, आणि खाली बशीसारखा मऊ गर उरला. मास्तरांनी त्याचे दोन भाग केले, मोठा बाईंना दिला आणि श्वास रोखून बघत बसले.

बाईंनी डोळे मिटून खाल्लं. एवढ्या काटेरी अंगात इतकी हळवी चव असेल, असं वाटलं नव्हतं. त्यांनी बोटं चाटली.

"वाफा तुमचा," त्या म्हणाल्या. "आणि तेव्हा तुम्ही 'का गं?' म्हणून विचारलं होतंत ना? इथे मला कुणी 'अगं' म्हणत नव्हतं. एवढी एकच जागा होती माझी. म्हणून तुम्ही नको होता." मग बाईंनी घाईने पुढचं सांगितलं, "रोज या. मला आता आवडतं तुम्ही असलात की. फक्त गुरुवार माझा."

"चालेल की!"

"एवढं पटकन?" बाई जरा दुखावल्याच.

"अगं, तू इकडे आलीस ना, की मी मशीन थांबवून खिडकीत नुसता बसायचो. फार बरं वाटायचं. मग दुकान बंद झालं आणि दिवसभर तसंच बसायची पाळी आली, तेव्हा घाबरलो आणि तुझ्यामागे धावत सुटलो. आठवड्यातून एक दिवस म्हणजे अगदी मापात."

बाई खोक्यावरच त्यांच्याकडे वळल्या. "म्हणजे इतकी वर्षं रोज माझ्या जाण्याची वाट बघायचात तुम्ही?"

"आणि येण्याचीही," मास्तर म्हणाले, आणि वाटीतलं उरलेलं लोणी त्यांनी बोटाने पुसून घेतलं.