पिवळ्या दाराची परवानगी

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, बॉथेल गावातली आमची वसाहत उतारावर आहे. टाउनहाऊसच्या तीन ओळी आणि सगळी घरं एकसारखी. त्याच राखाडी भिंती, दारापुढे तशाच चार पायऱ्या, तेच गडद करडं दार. घर आपल्या नावावर असलं तरी त्याची बाहेरची बाजू घरमालकांच्या असोसिएशनच्या नियमात येते. दाराचा रंग बदलायचा नाही, हे आम्ही घर घेताना सही करून मान्य केलं होतं. मला तर ते आवडलंच होतं. सगळं कसं नीटनेटकं दिसायचं.

आई गेल्यावर आम्ही बाबांना अकोल्याहून इकडे आणलं. वीज मंडळात नोकरी केलेला, कुणाचं कौतुक न करणारा, ताठ माणूस. आले तेव्हाच थोडं विसरायचे. इथल्या पहिल्या हिवाळ्यात ते विसरणं वाढलं आणि डॉक्टरांनी त्याला डिमेन्शिया हे नाव दिलं. आजार वाढत गेला तशी त्यांची भाषाही मागे जात राहिली. आयुष्यभर ऑफिसातलं शुद्ध मराठी बोललेले बाबा लहानपणच्या वऱ्हाडीवर आले.

इथे हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधारून येतं. त्या वेळी आभाळातून हजारो कावळे झाडांवर मुक्कामाला येतात. कावकाव इतकी की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. बाबा खिडकीशी उभे राहून बघत राहायचे. एकदा म्हणाले, "इतके कावळे कोनाच्या पिंडाले आले वं?" मी पडदा ओढून घेतला.

दुपारचं जेवण झालं की ते वसाहतीला एक चक्कर मारायचे. मी घरून काम करते. मीटिंग चालू असताना मला ते निघताना दिसायचे आणि तासाभरानं परतताना दिसायचे. डॉक्टरही म्हणाले होते, चालणं बंद करू नका. मग एक दिवस खालच्या ओळीतल्या मधल्या एका घरातून फोन आला. बाबा त्यांच्या दारात उभे होते, हातातली किल्ली लागत नव्हती आणि ते ढसाढसा रडत होते. मी धावत गेले.

"बाबा, हे आपलं घर नाहीये. आपलं वर आहे."

"इथंच होतं," ते म्हणाले. "कोनीतरी सरकवलं."

त्यानंतर मी दारावर मोठ्या अक्षरात त्यांचं नाव लिहून लावलं. व्यवस्थापन बघणाऱ्या कंपनीनं आठवड्याभरात ते काढायला सांगितलं. मी झेंडूचं प्लॅस्टिकचं तोरण बांधलं, तर समोरच्या घरानं नाताळची माळ लावली आणि बाबा तिकडे जाऊन उभे राहिले. शेवटी नवरा म्हणाला, "दारच रंगवू या. लांबून दिसेल असा पिवळा रंग." आम्ही अर्ज केला. असोसिएशनच्या बोर्डानं नियम दाखवून नाही म्हटलं.

आमची मुलगी इथेच जन्मलेली, तेव्हा न्यू जर्सीत कायद्याचं शिकत होती. तिला फोनवर हे सांगितलं तर ती एकदम उसळली.

"आई, दे कान्ट जस्ट से नो. फेअर हाउसिंग ॲक्ट आहे. फेडरल लॉ."

"अगं, पण नियमात रंग लिहिलाय."

"सो व्हॉट? डिसेबिलिटी असेल तर नियमाला एक्सेप्शन द्यावं लागतं. रीझनेबल असलं की झालं. दाराला पेंट करणं इज रीझनेबल. आजोबांना घर सापडत नाही, आई!"

तिनं मला सगळं समजावलं. आपल्याला सवलत का हवी आणि आजाराशी तिचा संबंध काय, एवढं सांगायचं. ते उघड नसेल तर डॉक्टरांची चिठ्ठी द्यायची. असोसिएशनचे नियम घराच्या बाबतीत भेदभाव रोखणाऱ्या या केंद्रीय कायद्याच्या वर नाहीत. शिवाय वॉशिंग्टन राज्याचा भेदभावाविरुद्धचा स्वतःचा कायदा आहे, तोही आपल्या बाजूनं. आणि राज्याच्या कायद्यानं बोर्डाच्या सभेला घरमालकांना बसता येतं, बोलता येतं. "यू गो अँड स्पीक," ती म्हणाली. "आणि रागावू नकोस."

सभा क्लबहाऊसमध्ये होती. बाहेर धुकं इतकं की पार्किंगमधले दिवे नुसते पुंजके दिसत होते. बोर्डाचे अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. त्यांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या वडिलांबद्दल आम्हाला वाईट वाटतं. पण आज पिवळं, उद्या कुणी जांभळं मागेल. आणि खरंच रंगानं फरक पडेल का? ते चुकतात म्हणजे नेमकं किती चुकतात?"

मी सांगणार होते, दोनदाच चुकले. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून एक बाई उठल्या. सत्तरीच्या पुढच्या, खालच्या ओळीत शेवटच्या घरात एकट्या राहणाऱ्या. नवरा गेल्यापासून त्या कुणात फारशा मिसळत नसत. माझी त्यांची ओळख हात हलवण्यापुरती.

"ते रोज चुकतात," त्या म्हणाल्या. "रोज दुपारी माझ्याकडे येतात."

सगळे त्यांच्याकडे वळले.

"बूट बाहेर काढतात. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतात. मी चहा करते. ते बोलत असतात, मला एक अक्षर कळत नाही. चहा संपला की माझ्याकडे बघतात, मान हलवतात आणि निघतात." मग त्या मला म्हणाल्या, "तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर ते यायचे थांबले असते. मला ते 'अवं' म्हणतात. हे कुणाचं नाव आहे का?"

अध्यक्षांनी पाण्याची बाटली माझ्यापुढे केली.

"नाव नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे नवरा बायकोला अशी हाक मारतो."

त्या बाई हळूच खाली बसल्या.

घरी आले तेव्हा बाबा नवऱ्यासोबत टीव्ही बघत होते. मी त्यांच्याजवळ बसून विचारलं, "बाबा, दुपारी तुम्ही कुठे जाता?"

"कुठं म्हणजे? घरी."

"आणि हे?"

त्यांनी सभोवार नजर फिरवली. "हे तुहं घर. तुही माय तिकडं हाय ना."

त्या रात्री मला झोप लागली नाही. खालच्या ओळीतलं ते घर आमच्यासारखंच असणार. जिना तिथेच, ओटा तिथेच, खिडकीही त्याच बाजूला. त्या ओट्याशी पाठमोरी उभी असलेली कुणी पांढऱ्या केसांची बाई मला दिसत राहिली. ती वळली असती तर तिचा चेहरा कुणाचा असता, हा विचार मी दूर ढकलत होते.

बोर्डाच्या वकिलानं त्यांना सल्ला दिला असावा. दहाएक दिवसांनी परवानगी आली. बाबा या घरात राहतील तोवर दार पिवळं, नंतर पुन्हा करडं. आम्ही कबूल केलं. मुलगी सुट्टीत आली होती, तिनं आणि नवऱ्यानं मिळून दार रंगवलं. करड्या ओळीत ते दार झेंडूच्या फुलासारखं दिसायला लागलं.

आणि बाबांना घर सापडलं. चक्कर मारून ते थेट पिवळ्या दाराशी यायचे, हात लावायचे आणि आत यायचे. एकदाही चुकले नाहीत. कायद्यानं जे मिळायला हवं होतं ते मिळालं होतं. पण आत आल्यावर ते खोल्या धुंडाळायला लागले. कपाटाची दारं उघडून बघायचे. बाथरूमबाहेर उभे राहून वाट बघायचे. "घर तं हेच हाय," म्हणायचे, "मग ते कुठं गेली?" मी म्हणायचे, आई नाही आता, बाबा. दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे खाली बसायचे. मग मी सांगणं सोडून दिलं. बाहेर गेलीय, येईल, असं म्हणायला लागले.

एका दुपारी बेल वाजली. त्या बाई आल्या होत्या, हातात केळ्याचा केक घेऊन. दार बाबांनी उघडलं. मी जिन्यावरून बघत होते. वाटलं, आता ते हाक मारतील. बाबा त्यांच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघत राहिले आणि नोकरीतल्या जुन्या इंग्रजीत म्हणाले, "येस, मॅडम? हूम डू यू वॉन्ट?"

त्यांचा चेहरा क्षणभर पडला. मग त्या म्हणाल्या, "तुम्हालाच भेटायला आले."

त्यानंतर त्या येत राहिल्या. मी बाबांशी बोलले की माझे मराठी शब्द हळू आवाजात म्हणून बघायच्या. बाबा त्यांना पाहुणीसारखं बसवायचे आणि चहाची वाट बघत इंग्रजीत विचारायचे, "माझ्या मिसेसला कुठे पाहिलंत का?" त्या म्हणायच्या, नाही, पण दिसल्या तर सांगते.

वसंतात बाबांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलमध्ये ते चार दिवस राहिले आणि तिथेच गेले. अध्यक्ष स्वतः घरी येऊन भेटून गेले. दाराची घाई नाही, म्हणाले. त्यांनी हेही सांगितलं की कुणाला आजारामुळे अशी सवलत हवी असेल तर ती कशी मागायची, हे बोर्डानं आता नियमातच घातलंय. पुढच्या माणसाला झगडावं लागू नये म्हणून. मला त्यांचा राग कधीच आला नव्हता.

आम्ही शब्द पाळला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला रंगारी आला आणि दुपारपर्यंत दार करडं झालं. रंग वाळत होता तेव्हा मला घरात थांबवेना. बाबांची एक लोकरीची शाल त्या बाईंना द्यायची ठरवली होती, ती घेऊन मी खालच्या ओळीत गेले.

त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. मी बेलकडे हात नेला आणि थांबले. आतून त्यांचा आवाज येत होता. अडखळत, अमेरिकन वळणानं, पण शब्द आपले होते.

"थांब. चहा टाकते."

मग थोडी शांतता. समोरचा बोलून संपेपर्यंत आपण थांबतो तेवढी. मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हो, हो. बस."

खिडकीतून टेबलाची एकच बाजू दिसत होती. तिथे कप होता आणि त्यातून वाफ येत होती. त्या ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. दुसऱ्या बाजूला काय आहे ते बघायला मला दोन पावलं सरकावं लागलं असतं.

मी सरकले नाही. शाल पायरीवर घडी घालून ठेवली आणि बेल न वाजवता वर निघून आले.