केबादिरेच्या हातचा घाटा

मोशुपा गावात लग्न असो की मयत, तीन पायांची मोठाली लोखंडी भांडी आगीवर चढायच्या आधी पहिलं बोलावणं केबादिरेला जायचं. ज्वारीचं पीठ नेमकं कधीपर्यंत आंबू द्यायचं ते ती वासावरून ओळखायची. कंबरेला शाल गुंडाळून, वल्ह्याएवढा लाकडी डाव दोन्ही हातांनी धरून ती घाटा ढवळायला उभी राहिली की बाकीच्या बायका तिच्या भोवतीनं भाजी निवडत, गाणी म्हणत, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा थुसो ज्वानेंगच्या हिऱ्याच्या खाणीत. तिला माणसं होती ती या आगीभोवतीचीच.

एका उन्हाळ्यात लग्नाचं जेवण जेवून काही पोरांना उलट्या झाल्या. मांस आदल्या दिवशीचं होतं, ऊनही मरणाचं होतं. पोरं लवकरच बरी होऊन अंगणात हुंदडायला लागली. गोष्ट तिथंच संपायची, पण संध्याकाळी ओम्फिले आली.

ओम्फिले केबादिरेची शेजारीण. बोलणं लोण्यासारखं मऊ, कुणाच्याही दारात रिकाम्या हातानं जायची नाही. केबादिरे तापानं फणफणली होती तेव्हा हिनंच उशाशी बसून कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या होत्या. तिचा शब्द म्हणजे केबादिरेला घरच्या माणसाचा शब्द.

"तुला सांगू की नको, असं झालंय बघ," ओम्फिले चहाचा कप हातात फिरवत म्हणाली.

"काय गं?"

"बायका म्हणतायत, पोरांना बाधलं ते घाट्यामुळं. आणि नुसतं बाधलं नाही म्हणे." तिनं आवाज आणखी खाली आणला. "तू पिठात काहीतरी घातलंस म्हणतायत."

"मी? कोण म्हणालं?"

"नावं कशाला घेऊ? थोडे दिवस घरात राहा. मी आहे ना, मी समजावते एकेकीला."

त्यानंतर केबादिरेला कुणी बोलवायलाच आलं नाही. पलीकडच्या आळीत बारसं झालं, मयत झाली. गाण्याचे आवाज वाऱ्यावर यायचे आणि ती दार लोटून आत बसायची. नळावर पाण्याला गेली की बायका बोलता बोलता थांबल्यासारख्या वाटायच्या. आपल्याच हातांचा तिला संशय यायला लागला. पीठ मळायच्या आधी ती हात धुवायची, पुन्हा धुवायची. एकदा तर आंबवलेलं अख्खं भांडं तिनं परसात ओतून दिलं, कारण त्याचा वास वेगळा आला की आपल्यालाच तसं वाटलं, हे तिला ठरवता येईना. थुसोचा फोन आला की "सगळं छान आहे" म्हणायची आणि फोन ठेवल्यावर भिंतीकडे बघत राहायची.

ओम्फिले मात्र रोज येत होती. आज अमकी असं म्हणाली, काल तमकी तसं म्हणाली. केबादिरे एकेका घरावर काट मारत गेली.

सगळ्यात जास्त धास्ती तिला नणंदेची होती. गाबातेलेच्या तोंडाला सगळा गाव टरकून असायचा. एक दिवस ती नळावर समोरच आली.

"काय वहिनी, राणीसाहेब झालात म्हणे? आता आमच्या भांड्यांना हात लावला की मळतो वाटतं तुमचा?"

केबादिरे अर्धी बादली तशीच उचलून घराकडे सुटली. 'ही मला गावातून उठवणार,' एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं.

थंडीच्या सुरुवातीला गाबातेलेचा नवरा गेला. आता घरात बसून चालणार नव्हतं. नणंदेच्या दारची मयत चुकवली तर थुसोलाही गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. निघताना ओम्फिले म्हणाली, "जा, पण चुलीकडं फिरकू नकोस हं. चटईवर गप बसून राहा. मी बघते तिकडचं."

खोलीत जमिनीवर गादी घातली होती, माती होईपर्यंत विधवेनं जिच्यावरून उठायचं नसतं ती. गाबातेले भिंतीला टेकून बसली होती, खांद्यावर घोंगडी. केबादिरे दाराशीच अवघडून टेकली. बऱ्याच वेळानं गाबातेले म्हणाली, "बाहेर घाटा कोण करतंय?"

"ओम्फिले असेल."

"आणि तू?"

"मला कसं... वन्सं, लोकांना माझ्या हातचं नको आहे."

गाबातेलेनं मान वर केली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण नजरेची धार तशीच होती. "कुणाला नको आहे?"

"सगळ्यांनाच. मी पिठात काहीतरी घालते म्हणून."

"हे तुझ्या कानात कुणी भरलं?"

"ओम्फिले म्हणाली."

गाबातेलेनं खांद्यावरची घोंगडी सारखी केली. मग सावकाश म्हणाली, "आम्हाला ती म्हणाली, केबादिरेनं शपथ घेतलीय, या आळीसाठी पुन्हा डाव हातात धरणार नाही. तुमची घरं घाणेरडी, पोरं हावरट, असं म्हणते. बोलवायला गेलात तर अपमान करून पाठवेल. माझ्या भावाची बायको असं बोलते म्हणून मी आत जळत होते गं. पण विषाबिषाचं अवाक्षर कुणी काढलं नाही."

शेजारी बसलेल्या म्हातारीनंही दुजोरा देत मान हलवली.

केबादिरे उठली. बाहेर धुरात ओम्फिले डाव धरून उभी होती. केबादिरेला पाहताच ती हसली, नेहमीसारखीच गोड. मग केबादिरेच्या मागून, गादी सोडून दारापर्यंत आलेली गाबातेले तिला दिसली आणि ते हसू जागीच विरलं. बायका गायच्या थांबल्या.

"दे," केबादिरे म्हणाली.

ओम्फिलेनं डाव दिला. हात पुसले आणि कुणाकडे न बघता फाटकातून निघून गेली.

त्या दिवशी घाटा झाला, पण केबादिरेचं त्यात मन नव्हतं. पहिली थाळी वाढल्यावर ती खाणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. कुणी खोकलं तरी तिचा वाढता हात थांबायचा. लोक मात्र मुकाट्यानं जेवले आणि पुन्हा मागायला आले.

मातीनंतर थोड्या दिवसांनी ओम्फिले कुंपणाशी आली. आत आली नाही.

"तुला वाटत असेल, तुझी जागा मला हवी होती," ती म्हणाली. "मला ढवळायला आवडतसुद्धा नाही. खांदे भरून येतात."

"मग का केलंस?"

"तुला सगळे बोलवायचे. मला कोण बोलवायचं? तापात पडलीस तेव्हा एक मीच होते तुला. बरी झालीस आणि माझ्याकडं यायला तुला वेळच उरला नाही." ओम्फिले कुंपणाची तार बोटानं दाबत राहिली. "एवढं वाढेल असं वाटलं नव्हतं मला."

केबादिरेला शिव्या द्याव्याशा वाटल्या, आणि त्याच वेळी तिला आत बोलवावंसंही वाटलं. या दुसऱ्या वाटण्याचीच तिला जास्त भीती वाटली. "चहाला येऊ नकोस आता," ती म्हणाली आणि आत गेली.

आळीतली बोलावणी पुन्हा सुरू झाली. गाबातेले वर्षभर नवऱ्याच्या दुखवट्याच्या काळ्या कपड्यांत होती. तरी अधूनमधून येऊन केबादिरेच्या अंगणात बसायची आणि सरपण नीट रचलं नाही म्हणून करवादायची. केबादिरेला ते ऐकायला बरं वाटायचं. पण कुणी फार मायेनं बोलायला लागलं, की तिचा हात अजूनही आपोआप शालीचं टोक घट्ट धरतो.