सहा जणांचं सत्र

प्रभुलिंग नष्टे सरांचा आवाज लहान. कोल्हापुरात हे एक मोठंच दुखणं. इथं समोरच्या घरातून विरजण मागायचं झालं तरी साऱ्या गल्लीला कळतं, आणि सर बोलायला लागले की माणसं नकळत पुढं वाकत. जन्मभर त्यांनी कॉलेजात भूगोल शिकवला, पण मागच्या बाकांपर्यंत तो कधी पोचला नाही. पोरं पाठीमागं त्यांना 'कर्णा' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं. रागवायला आवाज लागतो, म्हणून ते कधी रागावले नाहीत.

निवृत्तीनंतर सकाळी रंकाळ्यावर एक फेरी, दुपारी वर्तमानपत्र, संध्याकाळी झाडांना पाणी, असं चाललं होतं. तेवढ्यात एका कॉलेजातून मेल आली. 'नदी आणि माणूस' या विषयावर राष्ट्रीय चर्चासत्र भरणार होतं. आलेले शोधनिबंध तपासायला आणि सत्रं चालवायला जाणकार मंडळी हवी होती. मानधन नव्हतं. सरांनी त्याच बैठकीत 'मी येतो' असं कळवून टाकलं.

बायको शांतादेवी गडहिंग्लजकडची. माहेरी कानडी, सासरी मराठी, आणि रागात दोन्ही.

"सुम्म, गप घरात बसायचं सोडून हे काय काढलंय?" त्या म्हणाल्या.

"वाचायचंच तर आहे."

"वाचा की, कोण नको म्हणतंय. पण सत्र चालवायचं म्हणजे बोलावं लागतंय. तुम्ही रिक्षावाल्याला 'थांबा' म्हणेपर्यंत तो पुढच्या चौकात जातोय!"

सर हसले, पण मागं हटले नाहीत. त्यांच्या मनात एक गोष्ट वर्षानुवर्षं सलत होती. चर्चासत्रांना ते आयुष्यभर जात आले होते. प्रत्येक ठिकाणी तेच. पाहुणे उशिरा येणार, मग दीपप्रज्वलन, फेटे, शाली, नारळ, प्रत्येकाचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय. ज्यांच्यासाठी हे सगळं भरवलं त्यांची पाळी यायची जेवणाच्या तोंडावर. मग व्यासपीठावरून आवाज यायचा, "वेळेअभावी प्रत्येकानं दोन मिनिटांत आटपावं." दोन-दोन वर्षं गावं पालथी घालून आलेला माणूस दोन मिनिटांत आटपायचा, प्रमाणपत्र घ्यायचा आणि पानाला बसायचा. सरांना स्वतःलाही उभ्या आयुष्यात आपला एकही निबंध व्यासपीठावर शेवटापर्यंत वाचता आला नव्हता. आता आपल्या हातात सत्र आलंय, तर त्यातल्या सगळ्यांना पुरं बोलू द्यायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. कुणाला सांगितलं मात्र नव्हतं. सांगून न जमलं तर काय, ही धाकधूक होतीच.

आधी तपासणीचं काम आलं. चर्चासत्राचा निमंत्रक अमरसिंह, सरांचाच जुना विद्यार्थी. त्यानं फोनवर समजावलं, "सर, लई खोलात जाऊ नका. वरवर बघायचं आणि 'स्वीकृत' म्हणायचं. सगळेच स्वीकारतोय आपण."

"मग तपासायचं कशाला?"

"पत्रिकेत छापावं लागतंय की, तपासलंय म्हणून."

सरांनी 'बरं' म्हटलं आणि सगळे निबंध शब्दन् शब्द वाचले. कुणाला दोन ओळी लिहिल्या, कुणाला पानभर. पवित्रा मगदूम नावाच्या मुलीचा निबंध तर त्यांनी दोनदा परत पाठवला. दुसऱ्यांदा पाठवल्यावर तिचाच फोन आला.

"सर, माझ्या मैत्रिणीचा एका दिवसात स्वीकारला. माझंच काय अडलंय?"

"पहिली दहा पानं पुस्तकातली आहेत," सर म्हणाले.

"काय? ऐकू येत नाही, सर."

सरांनी फोन तोंडाशी धरला. "पुस्तकातली आहेत म्हटलं. पाऊस किती पडतो, नद्या कुठून येतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटच्या पानावर तुम्ही कुरुंदवाडच्या बायकांशी बोललाय, ते तुमचं आहे. ते पुढं आणा. बाकी टाका."

"टाका म्हणजे? दहा पानं?"

"हो."

ती फणकारून म्हणाली, "बघते," आणि फोन ठेवला. पण तिसऱ्यांदा निबंध आला तो वेगळाच. लहान, आणि सगळा तिचा. सरांनी तो शांतादेवींना मोठ्यानं वाचून दाखवला, म्हणजे त्यांच्या मानानं मोठ्यानं. चर्चासत्राच्या पत्रिकेत दुपारच्या जेवणाआधीचं आणि नंतरचं अशी दोन सत्रं सरांची होती. आधीच्यात सहा जण होते. पवित्रा सर्वांत शेवटी.

"म्हणजे तिला कोण ऐकणार न्हाई," शांतादेवी म्हणाल्या. "शेवटच्याला भातच खातोय."

हे वाक्य सरांच्या डोक्यात बसलं. चर्चासत्राच्या सकाळी ते सभागृहाच्या आधी मागच्या मांडवात गेले. बाळासो आचारी मोठ्या कढईत कांदा परतत होता.

"बाळासो, मसालेभात कधी टाकणार?"

"टाकतो की साडेबाराला. का, भूक लागली व्हय सर?"

"एक वाजून गेल्यावर टाकाल का?"

बाळासोनं झारा थांबवला. "का वो?"

"आमचं सत्र तेव्हा संपतंय."

"हां!" बाळासो हसला. "म्या लई चर्चासत्रं बघितल्यात. भाताचा वास हॉलात गेला की एक प्राध्यापक खुर्चीत ऱ्हात न्हाई. अहो, परवा एकाचं भाषण चाललंवतं आणि त्येच्या हातात ताट हुतं!"

"म्हणूनच म्हणतो."

"पण अमरसिंह सर वरडतील."

"माझं नाव सांगा."

"तुमचं?" बाळासोनं सरांकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं. बघू तर खरं."

उद्घाटन ठरल्याप्रमाणे लांबलं. त्यात प्रमुख पाहुणे उदयसिंह दादांची गाडी पन्हाळ्याच्या वाटेवर कुठंतरी अडकली होती. दादा म्हणजे चर्चासत्राला मदत करणाऱ्या पतसंस्थेचे अध्यक्ष. ते आल्याशिवाय पुढचं काही सुरू करायचं नाही, असा अमरसिंहाचा बेत. फेटा बांधणारा माणूस व्यासपीठाच्या कडेला केशरी कापड मांडीवर घेऊन बसला होता. सभागृहात माणसं मोबाइल बघत होती.

सर उठले आणि ध्वनिक्षेपकापाशी गेले.

"सर, अजून दादा आले न्हाईत," अमरसिंह पुटपुटला.

"येतील. आपण सुरू करू."

"असं कसं? फेटा, सत्कार..."

"आल्यावर करू. जेवणाआधी."

"सर, मग सहा जणांना तीन-तीन मिनिटं द्या, म्हणजे बसतंय सगळं."

"पंधरा," सर म्हणाले आणि पहिलं नाव पुकारलं. अमरसिंहाला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. नीटच ऐकू आलं होतं.

पहिले दोघं वेळेत बोलले. तिसरे वयस्कर प्राध्यापक. त्यांची वेळ संपली तरी ते नदीच्या उगमापाशीच होते. सरांनी चिठ्ठी पुढं केली. त्यांनी ती बाजूला सारली. ओरडून थांबवणं सरांना जमणारं नव्हतं. ते उठले आणि प्राध्यापकांच्या शेजारी खांद्याला खांदा लावून नुसते उभे राहिले. प्राध्यापक बोलत राहिले. सर उभेच. श्रोत्यांत खसखस पिकली. प्राध्यापकांनी एकदा वळून पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला आणि "तर असो" म्हणून खाली उतरले. चौथा आणि पाचवा आपणहून वेळेत थांबले.

पवित्रा उठली तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. माणसं दाराकडं बघत होती, पण वास काही येत नव्हता. म्हणून सगळी बसून राहिली.

पवित्रा सुरुवातीला भराभर बोलली, दोन मिनिटांत आटपायचं असल्यासारखी. सरांनी हातानंच सावकाश अशी खूण केली. मग ती लयीत आली. पूर आला की जनावरं कधी हलवायची, हे नदीकाठच्या घरांत कोण ठरवतं, हा तिचा प्रश्न. पुरुष म्हणायचे, आम्ही ठरवतो. पण गडी पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत थांबतो, कारण म्हशी घेऊन सासुरवाडीच्या दारात उभं राहायला त्याला कमीपणा वाटतो. बाई मात्र त्याच्या आधीच माहेरी फोन करून तिथला गोठा रिकामा करवून ठेवते. ज्या घरात बाईनं आधी फोन केला, त्या घरातली जनावरं वाचली.

नेमकं तेव्हाच दार उघडलं. उदयसिंह दादा आले, मागं चार-पाच माणसं. अर्धं सभागृह उभं राहिलं. अमरसिंह धावला. फेटेवाला कापड झटकत उठला. पवित्रा बोलायची थांबली आणि हातातले कागद गोळा करायला लागली.

सरांनी ध्वनिक्षेपक स्वतःकडं ओढला.

"दादा, या. पुढं बसा. यांचं बोलणं चाललंय, ते पुरं होऊ दे. तुमचा मान नंतर करतो."

आवाज नेहमीसारखाच बारीक. पण सभागृहात एवढी शांतता पसरली की तो मागच्या भिंतीपर्यंत गेला. दादांनी भुवया चढवल्या. अमरसिंहानं डोळे मिटून घेतले. दादा क्षणभर उभे राहिले, मग पहिल्या रांगेत धपकन बसले.

"बोला," सर पवित्राला म्हणाले.

ती बोलली. शेवटपर्यंत.

"कुणाला काही विचारायचंय?" सरांनी विचारलं.

चर्चासत्रात कुणी काही विचारत नसतं. सगळे जेवणाच्या घाईत असतात. सर गप्प उभे राहिले. माणसं चुळबुळली. कुणी खोकलं. सर थांबले ते थांबलेच. पवित्राला वाटलं, आता तरी यांनी आभार मानावेत.

"मी विचारतो," पहिल्या रांगेतून दादा म्हणाले. आवाजात घुस्साच होता. "पोरी, तू म्हणतीस बाई म्हायेराला फोन करती. आमच्या वस्तीवर निम्म्या बायका शेजारच्याच गावच्या हायेत. त्येंचं म्हायेर बी पाण्यातच. त्येंनी कुणाला फोन करायचा, सांग की."

पवित्रानं सरांकडं पाहिलं. सरांनी मान खाली घातली. हे उत्तर तिनंच द्यायचं होतं.

"ते मी विचारलंच नाही," ती म्हणाली. "ज्यांची जनावरं वाचली त्यांच्याच घरी गेले. जी वाहून गेली त्यांच्याकडं जायला पाहिजे होतं."

"मग जा की! पत्ता देतो."

"द्या. येते मी."

दादांनी तिला वस्तीचं नाव सांगितलं. तिनं ते निबंधाच्या मागं लिहून घेतलं. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला, मग आणखी एकानं. सरांनी दोघांना बोलू दिलं. मगच सत्र संपल्याचं जाहीर केलं.

दादांचा सत्कार झाला, पण घाईत, कारण तोवर भाताचा वास आला होता. फेटा जरा तिरका बसला. दादा जाताना अमरसिंहाला सगळ्यांदेखत म्हणाले, "पुढच्या येळी बोलवायचं तर येळेवर बोलवा, न्हाईतर बोलवू नका."

अमरसिंह मांडवात सरांपाशी आला. चेहरा उतरलेला होता. "सर, लई अडचणीत आणलासा मला. दुपारच्या सत्रावर मी दुसऱ्या कुणाला तरी बसवतो. तुम्ही दमला असाल."

सरांच्या मनात आलं, बरं झालं, सुटलो. गुडघे खरंच दुखत होते. दादांसमोर आपण असं कसं बोललो, याची भीती आता कुठं अंगावर येत होती. मग त्यांना मांडवाच्या कडेला पाच माणसं दिसली. जेवण बाजूला ठेवून ती आपापले कागद चाळत होती. दुपारच्या सत्रातली.

"अमरसिंह," सर म्हणाले, "पत्रिकेत माझं नाव आहे ना?"

"हाय, पण..."

"मग मीच बसणार. आणि चहा मधे आणायचा नाही. सगळे बोलून झाल्यावर."

सरांनी ताट ठेवलं, हात धुतले आणि जेवणारी माणसं पांगायच्या आत ते सभागृहात जाऊन बसले.