डिकीतला लाल त्रिकोण

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, कोल्हारला राहणाऱ्या भावाला नाही, वहिनीला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल. ओळखत असता तर आधी माझ्या गाडीच्या डिकीवरून माझी चेष्टा केली असती, सगळे करतात तशी.

कारण माझी डिकी म्हणजे आमच्या श्रीरामपुरात विनोदाचा विषय आहे. टॉर्च, गाडी ओढायचा दोर, जम्पर केबल, हवा भरायचा पंप, प्रथमोपचाराची पेटी, काच फोडायची हातोडी, जुनी चादर, गूळ-शेंगदाण्याचा डबा. भाऊ म्हणतो, ताईच्या गाडीत फक्त सुईण बसवायची राहिलीय. मीही फुशारून हसते. शाळेत नववीच्या मुलांना मी यावर एक तास घेते. घरच्या ग्रुपवर गाडीत काय काय ठेवावं याचे मेसेज टाकते. आणि या सगळ्यात माझा सगळ्यात लाडका — तो लाल चकाकणारा त्रिकोण. गाडी बंद पडली की मागे रस्त्यावर उभा करायचा. घेतला तेव्हापासून डब्यात आहे. डब्यावरचं प्लॅस्टिकही मी काढलेलं नाही.

का काढलं नाही? खराब होईल म्हणून. दुसरं काय असणार!

काही वर्षांपूर्वीची गोष्ट, उसाच्या सीझनमधली. माहेराहून एकटीच परत निघाले होते. कोल्हार सोडून बेलापूरच्या रस्त्याला लागले आणि कॅनॉलच्या पुलाजवळच्या वळणावर मागचं चाक बसलं. दिवेलागणीची वेळ, उसाच्या ट्रॉल्या एकामागोमाग एक. आपल्याकडे अशा वेळी काय करतात तुम्हाला ठाऊक आहे. बांधावरचे चार मोठे दगड आणायचे, गाडीमागे रस्त्यावर लावायचे, त्यात एखादी फांदी खोचायची. मीही तेच केलं. बाभळीची तुटकी फांदी सापडली. तिच्या टोकाला गाडी पुसायचं फडकं बांधलं — माझ्याच जुन्या लाल ओढणीचा अर्धा तुकडा, कडेला बारीक पिवळे ठिपके असलेला.

स्टेपनी डिकीच्या तळाशी असते. म्हणजे ती काढायला सगळं सामान बाहेर घ्यावं लागलं. तो त्रिकोण तेव्हा माझ्या पायाशी होता. डब्यात, प्लॅस्टिकमध्ये. मी त्याच्याकडे बघितलं सुद्धा. आणि मनात म्हटलं, रस्त्यावर ठेवला आणि एखादी ट्रॉली वरून गेली तर? दगड आहेत की.

एका ट्रॅक्टरवरच्या दोघांनी थांबून चाक बदलून दिलं आणि ते पुढे गेले. मी सामान नीट, जागच्या जागी लावलं. गाडीत बसले, निघाले. आणि आता ते सांगते, ज्यासाठी एवढं घोळवते आहे. निघताना मी आरशात बघितलं. दगड दिसले. फांदी दिसली. वाटलं — उतरावं? मग वाटलं — अंधार पडतोय, घरी कुकर लावायचाय, बाजूला करेल कुणीतरी.

विसरले असते तर हे लिहायची वेळच आली नसती. मी विसरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. मंदा पडली. मंदा म्हणजे माझ्या माहेरी रतीब घालणारी, दोन गाईंवर घर चालवणारी. स्कुटीवर पायाशी दुधाचा कॅन घेऊन डेअरीला निघाली होती. पुलाजवळ कुणीतरी दगड तसेच टाकून गेलं होतं, वहिनी सांगत होती, समोरून ट्रॉलीचा दिवा डोळ्यावर आला आणि ती त्या दगडांवर गेली. डावं कोपर पार मोडलं. फांदीला कसलंसं लाल फडकं होतं म्हणे.

आणि मी काय बोलले असेन? तुम्हाला काय वाटतं? मी म्हणाले, काय एकेक माणसं असतात! गाडीत साधा त्रिकोण ठेवायला काय होतं यांना? — हे बोलताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. याची मला त्या दगडांपेक्षा जास्त लाज वाटते. त्याच रात्री मी घरच्या ग्रुपवर मेसेजही टाकला. भावाने लगेच त्रिकोण मागवला. ताईचं ऐकावं, असं त्याने खाली लिहिलं.

मंदाचा हात जोडला, पण सरळ झाला नाही. दोन्ही हातांनी धार काढणारी बाई आता एका हाताने काढते. गाई अवघडून पाय आपटतात. ती त्यांच्याशी बोलत बोलत, थांबत थांबत काढते. माहेरी गेले की मी तिच्यासाठी काही ना काही नेते. वहिनीला वाटतं, ताईचं मन मोठं आहे.

परवा दिवाळीनंतर मी कोल्हारहून निघाले तर त्याच रस्त्यावर पुढे मंदाची स्कुटी थांबलेली दिसली. वाटलं, बंद पडली. मी उतरले. तर ती रस्त्यातले दगड उचलत होती. कुठला तरी ट्रक दुरुस्त होऊन निघून गेला होता आणि मागे दगड राहिले होते. वाकडा हात पोटाशी धरून, एका हाताने दगड लोटत ती एकेक कडेला नेत होती. म्हणाली, जाता-येता दिसले की थांबतेच. त्यात काय सांगण्यासारखं, असाच तिचा चेहरा होता.

माझ्या तोंडून निघून गेलं, तुला त्या माणसाचा राग नाही येत?

मंदा सरळ झाली. "सुरवातीला लई आला," ती म्हणाली. "मंग म्हनलं, त्याच्या मनात पाप न्हवतं, ताई. दगडं लावली, फांदीला फडकं बांधलं. मागनं येनाऱ्याची काळजी आसल्याबिगर कुनी यवढं करतं का? जाताना इसरला आसंल. आन् फडकं हुतं म्हनून तर मला हात गळ्यात बांधून घरापतुर येता आलं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. देवापुढे उभं राहूनही मला असं कधी वाटलं नव्हतं. इतकं चांगलं कुणी असू शकतं? मोडलेलं कोपर घेऊन, दूध सांडलेल्या रस्त्यावर बसून, या बाईने मोडणाऱ्याच्या बाजूने विचार केला होता. त्याच्यात नसलेलं मोठेपण त्याला देऊन टाकलं होतं.

नसलेलंच. कारण त्या दिवशी मी मागून येणाऱ्याचा विचार केला नव्हता. माझ्या गाडीचा मागचा बंपर नवा होता. त्याला कुणी ठोकू नये म्हणून दगड लावले होते.

हे तिला सांगायला तेवढा वेळ पुरेसा होता. रस्त्यावर आम्ही दोघीच होतो. मी खाली वाकले आणि राहिलेला एक दगड उचलून कडेला टाकला. हात मातीने भरले. मंदाने स्कुटीची डिकी उघडली. आत एकच वस्तू होती, स्वच्छ धुऊन घडी घातलेली. लाल. कडेला पिवळे ठिपके.

"हात पुसा, ताई," ती म्हणाली. "कुनाला ना कुनाला लागतं म्हनून ठिवलंय."

मी हात पुसले. पुन्हा घडी घातली आणि तिला परत दिलं.